भट्टीची राखण

सख्ख्या भावानं साडेतीनशे माणसांचा केसानं गळा कापला, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारी कोण, तर मी! मीच ती शहाणी.

आमचा काचेचा कारखाना. मी बाटल्या पॅक करते, दादा भट्टीवर. त्याच भट्टीवर समुद्रापलीकडून आणलेले गोरे कारागीर. काम तेच, चटके तेच, पण पगार त्यांना दुप्पट. आम्ही बरोबरीचा मागितला तर साहेब म्हणाला, "तुमची जात वेगळी." झालं, संप पुकारला.

काचेच्या भट्टीचं एक असतं. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नाही. विझली तर आतली काच थिजते, भिंतींना तडे जातात, नवी बांधायला सहा महिने. म्हणजे शेंडी नसलेल्या साहेबाची शेंडी आमच्याच हातात होती!

पण सभेत दादा उभा राहिला. "भट्टी आपल्या हातांनी बांधलीय. ती मेली तर उद्या काम कुठं करणार? मी एकटा आत राहतो, नुसती धग राखतो. एक बाटली निघणार नाही."

पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या बाईला आम्ही मावशी म्हणतो. ती ताडकन म्हणाली, "आणि फिरलास तर?"

माझं डोकंच फिरलं. "बाप गेल्यावर यानं मला वाढवलं, मावशी. त्याची जबाबदारी माझी!"

सगळ्यांचे हात वर झाले. खरं सांगते, भट्टी विझवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. आम्हाला तिची माया होती, मेलीची.

बाविसाव्या दिवशी सकाळी धुराडं भकाभका ओकायला लागलं. नुसती धग राखायला एवढा धूर होत नाही. आम्ही फाटकाकडे धावलो. मागच्या दारानं परगावची माणसं आत घेतली होती आणि बाटल्या धडाधड निघत होत्या. त्यांच्यावर हुकूम सोडत होता दादा, अंगात गोऱ्या कारागिरांचा निळा कोट घालून.

"दादा! अरे, काय केलंस हे?"

तो फाटकाशी आला. लाज म्हणाल तर नावाला नाही. "तुमचा संप महिनाभरसुद्धा टिकला नसता. कुणीतरी वेळीच शहाणं व्हायला हवं होतं."

"आणि मी दिलेला शब्द?"

"म्हणून तर साहेबांशी तुझं बोलून ठेवलंय." त्यानं कडी काढली, फाटक हातभर उघडलं. "ये आत. तुझी जागा राखलीय मी."

सगळ्यांच्या देखत! मी वळले. माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली मावशी दोन पावलं मागं सरली होती.

"जा की," ती म्हणाली. "जागा राखलीय ना तुझी?"

मी नाही, नाही म्हणत राहिले. कुणी ऐकत नव्हतं.