सागवानी चौकट

नवा सोफा पुढच्या खोलीत असा पसरला होता, की म्हाताऱ्या सुताराला स्वतःच्याच घरात अंग चोरून उभं राहावं लागलं. रंग सायीसारखा, वरचं प्लॅस्टिक अजून तसंच.

"बाबा, आजपासून सभा बंद," मुलगा म्हणाला. "चिखलाचे पाय, पोरांचे चिकट हात. आणि माणसं बसणार कुठे?"

दर शुक्रवारी संध्याकाळी याच फरशीवर गल्लीतली माणसं मांडीला मांडी लावून बसायची आणि म्हातारा प्रभूचं वचन गाऊन सांगायचा. गोष्टीतलं हरवलेलं मेंढरू मेंढपाळाला सापडलं की त्याचा आवाज असा चढायचा, की शेजारची भांडणंसुद्धा थबकायची.

"बसत आली तिथेच बसतील. हे धूड माझ्या खोलीत जाईल."

"आणि तुम्ही झोपणार कुठे?"

"इथे, फरशीवर."

"अहो, रात्रपाळ्या केल्यात मी यासाठी!"

"म्हणून तर रस्त्यावर टाकत नाही. पण या घरात आधी माझा धनी, प्रभू बसेल, मग फर्निचर."

सूनबाईने सोफ्याचं एक टोक धरलं.

"तूसुद्धा?" मुलगा ओरडला.

"शुक्रवारी जिवाला विसावा असतो माझ्या. यावर बसून नुसता घाम येतो."

सोफ्याचे पाय काढले, तो आडवा केला, उभा केला. शेवटी आतल्या दारात असा अडकला, की ना पुढे ना मागे. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. हयातभर लोकांची दारं मोजणाऱ्या माणसाने स्वतःचं दार मोजलंच नव्हतं. चौकट आपण हौसेने दुप्पट जाड केली होती, हेच तो विसरला होता.

मुलाला चेव आला. "काढा की आता चौकट! आईसाठी घडवलेली, सागवानी, वर कोरलेली द्राक्षवेल. कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाही कोणाला. माझा सोफा तेवढा देवाच्या आड येतो, आणि ही?"

म्हाताऱ्याचा हात वेलीवर गेला. पानाचं टोक न् टोक बोटांना पाठ होतं. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग कळलं, पोराने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय.

"बापाला प्रवचन दिलंस. बरं केलंस. पहार आण."

"बाबा, मी आपलं बोलायचं म्हणून…"

"मी बोलायचं म्हणून बोलत नाही. पहार!"

पहिल्या हिसक्याला म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या हिसक्याला तो गाऊ लागला. तिसऱ्याला मुलाने पहारीला हात लावला, तोंड फुगवूनच. चौकट करकरत निघाली, विटा उघड्या पडल्या आणि सोफा सुळकन आत गेला.

तेवढ्यात माणसं यायला लागली. भगदाड बघून न्हावी दारातच थांबला. "काय हो, चोर शिरला होता की काय?"

"चोर नाही, धनी!" म्हातारा गरजला. "त्याला जागा कमी पडत होती. बसा!"

चौकटीची आडवी फळी भिंतीलगत निखळलेल्या विटांवर पडली होती. कोपऱ्यावरची धोबीण गुडघे धरत आली, म्हणाली, "अगं बाई, बाक केलात होय माझ्यासाठी!" आणि थेट द्राक्षवेलीवर टेकली.

'जरा सांभाळून' हे शब्द म्हाताऱ्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले आणि पहिलं पद उचललं.