माझ्या पाठीवरची टकटक

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचं एक जुनं टेबल आहे, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. टेबलाला कसलं डोकं, असं म्हणाल. पण पाठ तर आहे ना? जे सोसलं ते तिनंच.

जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन शहरात एका सुतारानं मला घडवलं आणि मग एका संस्थेत माझी रवानगी झाली. अमेरिका आणि युरोप यांचं नातं कुठे जुळलं, कुठे ताणलं, हे शोधायला दर वर्षी अमेरिकेतले अभ्यासक तिथे फेलोशिपवर येतात. दर मंगळवारी ते माझ्याभोवती बसतात आणि एकजण आपलं काम वाचून दाखवतो. आमच्याकडे व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल ठोकतात. म्हणजे शाबासकी त्यांना आणि रट्टे मला. पण मला ते आवडायचं. मनापासूनची टकटक कोणती आणि घड्याळाकडे बघत केलेली कोणती, हे मला लगेच कळायचं.

डार्लीन ओकरलुंड नेब्रास्काहून आली. पहिल्याच मंगळवारी सगळ्यांनी मला ठोकलं, तर ही बाई उठून दार उघडायला गेली. बाहेर कोणीच नाही. सगळे हसले, तीही हसली.

तिचा विषय होता डोंगरातलं एक गाव. तिथे पूर्वी अमेरिकन सैन्याची छावणी होती. बाकीचे अभ्यासक मंत्र्यांची भाषणं वाचत बसायचे. ही बसने त्या गावी जायची आणि म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचं ऐकायची. तिथे तिला हिल्ट्रूड वाइनगार्ट भेटल्या. तरुणपणी एका अमेरिकन शिपायानं त्यांच्या बोटात अंगठी घातली, परत येतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. मुलाला त्यांनी एकटीनं वाढवलं. अशा बायका त्या गावात पुष्कळ होत्या. त्यांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

संस्थेचा वर्धापनदिन आला. दोन्ही देशांचे पाहुणे येणार होते आणि डार्लीन वाचणार होती. आदल्या दिवशी संचालक फोल्कहार्ट ब्रेनेके माझ्यावर कोपर टेकून तिच्यासमोर बसले.

"बाकी सगळं छान आहे. त्या बायकांचं तेवढं गाळा," ते म्हणाले. "मैत्रीच्या दिवशी हे घरगुती रडगाणं कशाला?"

"त्या बायका गाळल्या तर माझ्याकडे उरतं काय?"

"फेलोशिपची मुदतवाढ उरते, बाई. बघा, विचार करा."

माझा नुसता संताप झाला. चार पाय असून लाथ मारता येत नाही, हे टेबलाचं दुर्दैव. त्या गावावरचं तिचं पुस्तक अर्धंच झालं होतं, आणि ऐंशी ओलांडलेल्या त्या बायका आणखी किती दिवस थांबणार होत्या?

दुसऱ्या दिवशी माझ्यावर जाड पांढरी चादर घातली, प्लमचे केक मांडले. हिल्ट्रूडबाईही आल्या होत्या. त्यांना खुर्ची मिळाली भिंतीशी. डार्लीननं सगळं वाचलं, एक ओळसुद्धा गाळली नाही. मी पाठ ताठ करून वाट पाहिली. टकटक झालीच नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं, काहींचे डोळे भरलेले, आणि हात मांडीवर! सगळे ब्रेनेकेंच्या तोंडाकडे बघत बसले. अरे, लाकडाला ठोकायलाही परवानगी लागते का?

मग हिल्ट्रूडबाई उठल्या. माझ्यापाशी आल्या, केकची ताटली सरकवली, चादरीचा कोपरा उचलला आणि उघड्या लाकडावर अंगठीच्या हातानं जोरात ठोकलं. पुन्हा ठोकलं. या वेळी डार्लीन दाराकडे गेली नाही. जागीच उभी राहून रडली.

"छान वाचलंस, पोरी," बाई म्हणाल्या. "चल आता घरी. अजून बरंच सांगायचंय."

मुदतवाढ मिळाली नाही. वसंत येण्याआधीच डार्लीनला परत जावं लागलं. पुस्तकाचं काय झालं, मला ठाऊक नाही. आता इथे काचेचं टेबल येणार आहे आणि मला विकणार आहेत. काचेवर ठोकायला तर ही माणसं आणखीच घाबरतील.

मित्रांनो, टेबलाची काळजी घ्या, गरम कप ठेवू नका, असं मी सांगायला हवं. ठेवा हवे तितके कप. फक्त कोणी खरं बोललं, तर हात मांडीवर ठेवून बसू नका. आणि उद्या मी तुमच्या घरी आलोच, तर एका कोपऱ्यात अंगठीची खाच दिसेल. ती घासू नका. त्या दिवशीची सगळी शाबासकी तेवढीच आहे.