आमची हरकत नाही

“दुःख आम्हालाही झालंय वहिनी,” इस्त्रीला टाकलेलं कपड्यांचं गाठोडं तसंच परत उचलत बेकरीवाली म्हणाली, “पण म्हणून सगळ्या गावाचं तोंड शिवायचं?”

वहिनींनी बोटं पाण्यात बुडवून इस्त्रीच्या तळावर शिंतोडे उडवले. थेंब जागच्या जागी चुर्र करून आटले तर इस्त्री अजून कच्ची; मोत्यांसारखे टुणटुणत पळाले तर तापली. थेंब पळाले.

“कुणाचं तोंड शिवलं मी?”

“आता साळसूद बनू नका. दूध केंद्रावर नोटीस लागलीय. वाचा जाऊन.”

वहिनींनी इस्त्री उभी केली, हात पदराला पुसले आणि दुकान उघडं टाकून निघाल्या. दूध केंद्राच्या भिंतीवर पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस होती, हरवलेल्या शेळीची होती, आणि मधोमध नवीकोरी, छापील:

‘दिवंगत ढोलवादकांच्या कुटुंबीयांच्या इच्छेचा मान राखून यंदाच्या उन्हाळी मेळाव्यात बँड वाजणार नाही. ध्वनिवर्धकावर गाणी लावण्यात येतील. – सचिव’

वाचल्यावर वहिनींना आधी बरं वाटलं. थंडीत नवरा गेला, तेव्हापासून मेळाव्याची ती संध्याकाळ त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. एरवी सायकली दुरुस्त करणारा तो माणूस त्या दिवशी छातीवर ढोल बांधून मैदानात उतरायचा, आणि अख्खं गाव त्याच्या ठोक्यावर पाय उचलायचं. यंदा ते ऐकावं लागणार नाही. सुटले एकदाची. मग त्या सुटण्याचाच त्यांना राग आला. बँडवाल्यांचे युनिफॉर्म अजून इस्त्रीला का आले नाहीत, तेही आत्ता कळलं. आणि दोन दिवस समोरच्या बायका मान वळवून का जात होत्या, तेही.

सचिव म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. ते कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापत होते.

“या वहिनी, बसा. पाणी घेणार?”

“पाणी प्यायला नाही आले. ती नोटीस कुणाला विचारून लावलीत?”

“तुमच्या भावनांचा विचार करूनच आम्ही…”

“माझ्या भावना मी तुमच्याकडे इस्त्रीला टाकल्या नव्हत्या.”

काउंटरपाशी खोकत उभं असलेलं गिऱ्हाईक खोकायचं थांबलं.

“हे बघा,” औषधवाल्यांनी आवाज खाली आणला, “तुमच्या सासूबाईंना मी स्वतः घरी जाऊन विचारलंय. त्रास होईल म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं का? आणि ढोल बडवणार कोण? आमच्या जावयानं नवे स्पीकर घेतलेत, गावासाठी फुकट लावतोय बिचारा. सगळ्यांचं चांगलंच होतंय की.”

“असं! इथं पाणी मुरतंय होय.”

“तुम्ही उगाच वाकड्यात शिरताय.”

“नोटीस काढा.”

“छापून झालीय वहिनी. गावभर लागलीय. आता काढली तर समितीचं हसं होईल.”

“आणि आता माझं काय होतंय?”

त्यांनी पुढची पट्टी कापायला घेतली.

घरी सासूबाई खिडकीपाशी शेंगा सोलत होत्या. वहिनी चपला न काढताच समोर उभ्या राहिल्या.

“आई, बँड नको म्हणालात तुम्ही?”

“कोण म्हणतं?”

“औषधवाले.”

“तो आला होता खरा. म्हणाला, बँड वाजला तर तुम्हाला त्रास होईल का? म्हटलं, होईल. माझा मुलगा गेलाय, त्रास नाही होणार?”

“म्हणजे बंद ठेवा म्हणालात.”

“ते कुठं म्हणाले? त्यानं ते विचारलंच नाही.” सासूबाईंनी शेंगेचं टरफल टोपलीत टाकलं. “गुडघे दुखतात माझे. म्हणून लोकांना जिने पाडायला सांगते का मी?”

वहिनी खाली बसल्या. बऱ्याच दिवसांत त्या या बाईसमोर अशा मांडी घालून बसल्या नव्हत्या. सहा महिने दोघी एकमेकींना सांभाळायच्या नादात एकमेकींना टाळतच होत्या.

“त्रास मलाही होईल, आई.”

“होऊ दे की. दोघी आहोत.”

त्याच दुपारी वहिनींनी शर्टांच्या घडीत घालायचे पुठ्ठे काढले आणि काळ्या रंगानं लिहिलं: ‘शनिवारी संध्याकाळी बँड वाजेल. आमची हरकत नाही, कधी नव्हती. – ढोलवाल्याची बायको आणि आई’. कपड्यांना लावायची खळ त्यांनी नेहमीपेक्षा घट्ट शिजवली आणि प्रत्येक छापील नोटिशीवर एकेक पुठ्ठा नीट मध्यावर चिकटवला. दूध केंद्रावरचा पुठ्ठा औषधवाल्यांनी नखांनी उचकटायचा प्रयत्न केला म्हणे. त्यांची नखं तुटली, खळ सुटली नाही.

क्लॅरिनेट वाजवणारा पोस्टमन दुसऱ्या दिवशी सायकल हातात धरून दुकानासमोर उभा राहिला.

“वहिनी, तुम्ही मन मोठं केलंत. पण ढोलाशिवाय बँड म्हणजे कण्याशिवाय माणूस हो.”

“कणा नाही ते दिसलंच. नोटीस वाचली आणि गप्प बसलात ना सगळे? एकानं तरी येऊन विचारायचं.”

“आम्हाला वाटलं, जखमेवर मीठ कशाला…”

“युनिफॉर्म पाठवून द्या. आजच.”

युनिफॉर्म आले. वर्षभर पेटीत पडून त्यांना कुबट वास लागला होता. वहिनींनी ते उन्हात टाकले, बाह्यांवर चाकूसारखी घडी पाडली, कॉलरला खळ दिली. नवऱ्याचा युनिफॉर्म कपाटात होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

शनिवारी मैदानावर जावयाचे स्पीकर माणसाएवढ्या उंचीचे उभे होते. जवळ उभं राहिलं की बरगड्यांत आवाज घुमायचा. बँड फाटकातून आत आला तेव्हा औषधवाले पुढं झाले.

“कार्यक्रमपत्रिकेत बँड नाही. माईक मिळणार नाही.”

“बँडाला कधीपासून माईक लागायला लागला?” वहिनी म्हणाल्या. “तुमचं गाणं संपलं की सांगा. आम्ही उभ्या आहोत.”

त्या खरंच उभ्या राहिल्या, नेमक्या स्पीकरसमोर. सासूबाईंना कुणीतरी खुर्ची दिली होती. गाणं संपलं. जावयानं दुसरं लावायला हात पुढं केला आणि समोरच्या दोन बायकांसकट सगळं मैदान आपल्याकडेच बघतंय हे पाहून मागं घेतला.

बँड सुरू झाला. पहिल्या काही ओळी ठीक गेल्या. मग क्लॅरिनेट जरा पुढं सरकलं, त्याला गाठायला ट्रम्पेट धावलं, ट्रम्पेटला मागं टाकायला दुसरं क्लॅरिनेट. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखी सगळी चाल घरंगळत गेली आणि धाडकन संपली. नाचायला उठलेल्यांचे पाय वरच राहिले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. औषधवाल्यांनी, मी सांगत होतो ना, अशा थाटात हात पसरले.

पोस्टमनचा चेहरा लाल झाला होता. “नाही झेपत वहिनी. आम्ही इतके पळतो हे आम्हालाच माहीत नव्हतं. तोच धरून ठेवायचा आम्हाला.”

रडू येणार असं वहिनींना वाटलं, पण आलं ते हसू, मोठं, न आवरणारं. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या नवऱ्याला म्हणत आल्या होत्या, तुम्ही नुसतं धबधब बडवता, खरं वाजवतात ते बाकीचे.

“हसायला काय झालं?” सासूबाईंनी कानांवरचे हात काढले. “संपलं? एवढंसंच?”

“नाही आई, संपलं नाही.” वहिनींनी डोळे पुसले आणि बँडाकडे वळल्या. “पुन्हा वाजवा. सावकाश.”

“पुन्हा चुकेल.”

“चुकू दे.”

पोस्टमननं ओठ पुसले. या वेळी ते घाबरत घाबरत निघाले. ठोका पडायचा तिथं क्षणभर थांबायचे, मग पुढं जायचे. तेवढ्या क्षणात मैदानावर काहीच वाजत नव्हतं, आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण रांगेच्या मधोमध ढोलाएवढी जागा मोकळी सुटली होती. वाजवणारे सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत वाजवत होते.