फुटपाथवरची अंबाडी

पुण्याजवळच्या मांजरीत उसाची रानं गेली आणि टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका सोसायटीच्या भिंतीबाहेर, भिंत आणि फुटपाथ यांच्यामध्ये, मातीची एक पट्टी होती. कधीतरी तिथं शोभेची झुडपं लावली होती म्हणे. ती मेली, आणि मग लोकांनी तिथं जुन्या गाद्या, फुटक्या फरश्या, नारळाच्या करवंट्या, जे मिळेल ते टाकलं. तेव्हा सुशोभीकरण कुणाला आठवलं नाही, बरं का. आठवलं कधी, तर गोदाबाईची अंबाडी मांडीला लागली तेव्हा.

गोदाबाई लातूरकडची. मुलगा इथल्या कारखान्यात, सून नम्रता आयटीत, म्हणून ही चौथ्या मजल्यावर राहायला आलेली. चौथ्या मजल्यावर माती नसते, आणि मातीत हात घातल्याशिवाय या बाईला घास गोड लागत नाही. एक दिवस ती खाली उतरली, गाद्या ओढून बाजूला केल्या आणि काचा वेचायला बसली. ते पाहून समोरच्या बिल्डिंगमधली अख्तरबानू खुरपं घेऊन आली. अख्तरबानू जन्माची पुणेकर. नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आलेली आणि गॅलरीत बसून बसून विटलेली. दोघींनी शेवगा लावला, कढीपत्ता, अडुळसा, गवती चहा लावला, आणि उरलेल्या सगळ्या जागेत दाट अंबाडी पेरली.

नियम एकच. ज्याला हवं त्यानं न्यावं, विचारायचं नाही. फक्त शेंडा खुडायचा, मूळ उपटायचं नाही. झाडूवाल्या बाया न्यायच्या, रिक्षावाले न्यायचे, ऑफिसच्या बसला उभ्या राहिलेल्या पोरी गवती चहाची पात पर्समध्ये कोंबायच्या.

सोसायटीचे चेअरमन सुदर्शनराव मूळचे नारायण पेठेतले. बोलणं मोजकं आणि नेमकं लागणारं. त्यांनी आधी एक लोखंडी पाटी ठोकली: ‘हे शहर आहे. शेती गावाकडे करावी.’ गोदाबाईनं त्या पाटीवर दोडक्याचा वेल चढवला. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. लोखंड मजबूत होतं.

मग ते स्वतःच खाली आले.

“आजी, ही जागा आपल्या मालकीची आहे का?”

“न्हाई.”

“मग?”

“म्हणून तर भाजी लावली. मालकीची असती तर कुंपण घातलं असतं. तुमच्या मालकीची हाय का?”

“इथं सेल्फी पॉइंट होणार आहे,” सुदर्शनराव म्हणाले. “‘आय लव्ह मांजरी’, लाल बदाम, भोवती हिरवळ. एका नेत्यांनी खर्च उचललाय. सोमवारी सकाळी जेसीबी येईल, त्याआधी आपलं काय असेल ते काढून घ्या.”

“हिरवळ कसली?”

“प्लास्टिकची. पाणी लागत नाही.”

“खाता येती का?”

यावर ते वळून निघून गेले. इतका मोठा माणूस, पण एवढ्याशा प्रश्नाला त्यांच्याकडे पाटी नव्हती.

रविवारी नम्रतानं तोड काढली. “आई, शेवग्याखाली एक दगड ठेवू आणि त्याला शेंदूर फासू. मग बघू कोण हात लावतंय ते.”

अख्तरबानू तिथंच लसूण सोलत होती. “ठेव गं,” ती म्हणाली. “माझी काही हरकत नाही. झाडं तर वाचतील.”

गोदाबाईला मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. पण तिनं मान हलवली.

“नको. आज दगड बसला की उद्या म्हणतील चपला काढा. परवा पेटी येईल, पेटीला कुलूप येईल. मग बानूला तिथं कोण खुडू देईल? देवाला जागा पुष्कळ हायत गं. भाजीला एवढीच हाय.”

“मग जेसीबीपुढे काय करणार तुम्ही?”

“उभी राहणार.”

सासू किती हट्टी आहे हे नम्रताला ठाऊक होतं, आणि सासूचे गुडघे कसे आहेत तेही.

सोमवारी गोदाबाई खाली उतरली तर फुटपाथवर ही गर्दी. पिवळा जेसीबी बंद उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर, नागोराव त्याचं नाव, चपला काढून हात जोडून उभा होता. शेवग्याच्या बुडाशी शेंदूर माखलेला दगड, वर जास्वंदीचं फूल, शेजारी उदबत्ती. सुदर्शनरावांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

“आजी, वाचलं तुमचं रान,” वॉचमन म्हणाला. “देव निघाला.”

गोदाबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, डोळे भरून आले तिचे. तेवढ्यात रोजची झाडूवाली अंबाडीकडे वाकली, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “ए बाई, हात लावू नको. देवाचं आहे.” तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. रस्त्याच्या पलीकडे अख्तरबानू रिकामी पिशवी घेऊन उभी होती.

“ये की गं,” गोदाबाईनं हाक मारली.

“राहू दे आज,” अख्तरबानू म्हणाली. “लोक आहेत.”

झालं. बाईचं डोकं फिरलं.

तिनं देवाकडे नीट पाहिलं. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता, एका टोकाला टवका उडालेला. टवका गावाहून सामान उतरवताना उडाला होता, तिच्याच देखत. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. वरवंट्याचं बाळ झालेलं तिनं कैकदा पाहिलं होतं, देव झालेला पहिल्यांदाच पाहत होती. नम्रता गर्दीत मागे उभी होती आणि बोटं ओढणीत लपवत होती. गोदाबाईला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

तिनं पदर खोचला, वाकली आणि देव उचलला. गर्दीत कुणीतरी ‘अगं अगं’ केलं.

“ह्यो माझा वरवंटा हाय,” ती म्हणाली. “परवा ह्यानंच लसणाची चटणी वाटली. वास घ्यायचा आसंल त्यानं घ्या.”

“उत्तम,” सुदर्शनराव म्हणाले. “आजींनी प्रश्नच मिटवला. अहो नागोराव, घ्या कामाला.”

गोदाबाई अंबाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. देवाच्या आड लपवून वाचवलेली भाजी तिच्या घशाखाली उतरली नसती.

“इथं देव न्हाई,” ती म्हणाली. “ही भाजी हाय. मोडायची तर भाजी म्हणून मोडा, माझ्या डोळ्यांदेखत.”

नागोराव चपला घालून वर चढला, मशीन सुरू केलं. वरून त्यानं खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं, मशीन बंद केलं आणि उतरला. एक पान तोडून तोंडात टाकलं.

“मावशी, अंबाडी व्हय?”

“व्हय.”

“उगवली का पेरली?”

“पेरली. मृगात.”

तो सुदर्शनरावांकडे वळला. “साहेब, आपल्याच्यानं होणार न्हाई हे.”

“का? देव तर गेला.”

“देवाचं काय हो. नारळ फोडला, चुकलं-माकलं म्हटलं की देव हलतो. लई हलवलेत मी. पण उभ्या पिकात मशीन न्हाई घालत आम्ही. बाप दारात उभं करायचा न्हाई मला.”

“पीक? या चार काड्यांना पीक म्हणायचं?”

“पेरलं ते पीक.”

सुदर्शनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ठीक आहे. मग काढणी झाल्यावर या. आजी, काढणी कधी आहे आपली?”

गोदाबाईनं वरवंटा नम्रताच्या हातात दिला. “धू आणि जागेवर ठेव. दुपारी लागंल.” मग ती रस्ता ओलांडून गेली आणि अख्तरबानूचं मनगट धरून तिला सगळ्या गर्दीतून पुढे घेऊन आली. दोघी वाकल्या आणि खुडायला लागल्या.

“काढणी व्हय, साहेब?” गोदाबाई मान वर न करता म्हणाली. “ही जितकी खुडावी तितकी फुटती. अन् ही सरायच्या आत मधल्या जागेत मेथी पेरलेली आसंल. मेथी सरायच्या आत हरभरा.” तिनं एक जुडी बांधून त्यांच्या हातात ठेवली. “तुम्ही येऊन बघत जावा.”

सुदर्शनराव जुडी धरून उभे राहिले. मागून झाडूवाली म्हणाली, “साहेब, जरा सरका. माझी खुडायची राहिलीय.”

ते सरकले.