कार्डावरचा डॉक्टर परळला

मित्रांनो, शाळेतून येताना जिच्यावर दप्तरं टाकून तुम्ही चिंचा खाता ना, ती मी. इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या भिंतीला टेकलेली जुनी हातगाडी. एक चाक मातीत रुतलंय. दांड्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घालतं. पण मी कायम अशी नव्हते.

मला काशीगावच्या एका सुताराने बनवलं. अठ्ठ्याऐंशी साल असेल. बाभळीच्या फळ्या आणि हायवेच्या गॅरेजमधून आणलेली जुनी चाकं. तो म्हणाला, "जा पोरी, कितीही माल पडू दे, कुरकुर करू नको." पहिल्याच वळणावर कुरकुरले. ग्रीस लावायला तोच विसरला होता.

मी आले ती भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात. दिवसभर प्रेस मशीनचा ठणठणाट. सदू मला ढकलायचा. येताना पत्रा, जाताना डबे नि पातेली. "बाजू, बाजू, गरम माल" असा ओरडायचा. माल थंडगार. म्हणायचा, गरम बोलल्याशिवाय भाईंदरात कोण हलत नाही. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला की उरलेली फुलं माझ्या दांड्याला. मला तेवढं पुरायचं.

प्रेसवर शिवा होता. लांज्याकडचा. त्याची बायको सुलू तिथेच पॅकिंगला. दुपारचा डबा दोघं माझ्यावर बसून खायचे. आधी ते लोकलने तासभर लांब परळला राहायचे, मग इकडे स्वस्तात खोली मिळाली. सगळं बदललं त्यांनी. रेशनकार्ड बदललं, पोरीची शाळा बदलली. एक गोष्ट नाही बदलली. कामगारांच्या सरकारी विम्याचं कार्ड असायचं. त्यात पॅनलवरचा, म्हणजे सरकारी यादीतला, एक डॉक्टर आपण निवडायचा, तो आपला. शिवाचा डॉक्टर परळलाच राहिला. का, तर तो त्यांच्या गावाकडचा आणि सुलूच्या मते त्याला हातगुण होता.

मुकादम बबन चिडवायचा, "ताप आला की परळला जातोस? पोचेपर्यंत ताप उतरत असेल."

"उतरतो ना?" सुलू म्हणायची. "मग हातगुणच झाला की, भाऊजी."

हसायचे सगळे. मीसुद्धा.

मग ब्याण्णवची दिवाळी जवळ आली. ऑर्डरवर ऑर्डर. गाळ्याचा मालक गुणवंत शेट, त्याने प्रेसच्या पुढची जाळी काढून ठेवायला लावली. जाळीने हात स्लो पडतो म्हणे. ती जाळी हात आत जाऊ नये म्हणूनच होती.

एका दुपारी ठणठणाट एकदम थांबला. मी दारात उभी होते. एवढी शांतता त्या गाळ्यात मी कधी ऐकली नव्हती. मग सुलूचा आवाज आला.

सदूने माझ्यावरची पातेली ढकलून रस्त्यात टाकली. गोणपाट अंथरलं. शिवाला आडवं केलं. उजव्या हाताला सुलूची ओढणी गुंडाळलेली, आणि ती भिजत चाललेली. गल्ली खणून ठेवलेली, रिक्षा आत येत नव्हती. म्हणून मी.

शेट बाहेर आला. "मेरे डॉक्टर के पास ले जाओ. टेन्शन नको शिवा, सब मैं देख लूंगा."

बबन सोबत निघाला. चालता चालता शिवाला समजावत होता. "डॉक्टरला बोलायचं, घरी माळ्यावरून पडलो. मशीनचं नाव काढायचं नाही. उगाच इन्स्पेक्टर येतो, गाळा बंद होतो. सगळ्यांच्या पोटावर पाय."

शिवाने डाव्या हाताने माझी फळी घट्ट धरली. त्याचे दात वाजत होते.

नाक्यावर सदू थांबला. डावीकडे शेटचा डॉक्टर. सरळ गेलं की रेल्वे फाटक, स्टेशन.

"स्टेशनला चल," सुलू म्हणाली. "परळला नेऊ. कार्डावर त्यांचं नाव आहे. दुसऱ्याकडे गेलो तर कार्ड चालायचं नाही."

"वहिनी, परळपर्यंत हा टिकेल का?" सदूचा आवाज फाटला. "बोला लवकर. कुठे वळू?"

मित्रांनो, गोणपाटातून रक्त माझ्या फळीत उतरत होतं. गरम होतं.

नाक्यावर काशीनाथ चिकूची पाटी घेऊन बसायचा. शिवाच्या आधी प्रेसवर तोच होता. तो उठून आला आणि डावा हात वर केला. अंगठा नव्हता.

"मी पण शेटच्या डॉक्टरकडे गेलेलो. घरी पडलो असं बोललो. पट्टी मस्त बांधली त्याने, अंगठा गेला तो गेलाच. मग कार्ड घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो तर तिकडे बोलले, घरी पडलास ना? मग कामावरचा अपघात कसा?"

"काशा, तू चिकू विक," बबन म्हणाला.

"विकतोच आहे. तुमच्या कृपेने." मग तो सुलूकडे वळला. "वहिनी, अपघाताला कार्डावरचाच डॉक्टर पाहिजे असं नाही. पॅनलचा जवळचा कुठलाही बघतो, तोच मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. फाटकापाशी पाटी आहे एकाची. मला हे अंगठा गेल्यावर कळलं."

बबनने माझा दांडा धरला नि डावीकडे ओढला. सदूने दुसरं टोक सोडलं नाही. मी मधे कुरकुरत उभी.

"शिवा, ऐक," बबन म्हणाला. "उद्या मशीनवर दुसरा बसेल."

सुलूने काशीनाथला विचारलं, "हातगुण आहे का हो त्यांना?"

"ते मला माहीत नाही. पण जे झालं ते लिहितात."

सुलूने फाटकाकडे बघितलं. मग तिने बबनचा हात दांड्यावरून काढला. "सोडा भाऊजी. ह्यांचा एकच हात उरलाय. तुमचे दोन आहेत."

सदूने मला सरळ पळवलं. खड्डा बघितला नाही, काही नाही. "गरम माल" ओरडायचं विसरला. तरी लोक बाजूला झाले.

दवाखान्याच्या दारात मी उभी होते. डॉक्टरांनी ओढणी सोडता सोडता विचारलं, "कसं झालं?"

उंबऱ्यावर बबन खाकरला. शिवाने त्याच्याकडे बघितलं.

"प्रेसवर," शिवा म्हणाला. "जाळी काढलेली होती."

डॉक्टरांनी हात घट्ट बांधला, चिठ्ठी लिहिली आणि गाडी बोलावून त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. चिरडलेल्या तिनातली दोन बोटं वाचली. तिसरं अर्धं राहिलं. इन्स्पेक्टर आला, जाळी परत लागली. गाळा काही बंद झाला नाही. शिवाला विम्यातून पगारी सुट्टी मिळाली आणि पुढे तो पॅकिंगला, सुलूच्या शेजारी बसायला लागला. बबन कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही. कार्डावर आता फाटकाजवळचा डॉक्टर आहे. परळला सुलू अजून दिवाळीचा फराळ पाठवते.

नंतर टेम्पो आला. सदू त्याच्यावर क्लीनर झाला आणि मी इथे. दसऱ्याला शिवा येतो. अर्ध्या बोटाने चाकाला ग्रीस लावतो, दांड्याला झेंडू बांधतो. मी हलत नाही तरी लावतो.

मित्रांनो, मला कुठे न्यायचं ते दांडा धरणारा ठरवतो. मी लाकूड आहे. गाळ्यात राबणाऱ्या तुमच्या बाबांना स्वतः ठरवता येतं, फक्त आधी माहीत पाहिजे. रक्त वाहत असताना नाक्यावर उभं राहून शोधायची ही गोष्ट नाही.

आज घरी गेलात की विचारा, बाबा, तुमच्या कार्डावरचा डॉक्टर कुठे बसतो? परळ म्हणाले तर हसू नका. रविवारी त्यांना इकडे फाटकापर्यंत घेऊन जा. हात धरून न्या. पाचही बोटं नीट धरा.