अर्थ आणि वाक्यात उपयोग

"ह्या शब्दाचा अर्थ लिहून आण, वाक्यात उपयोग करून दाखव, मग सही करतो."

अकरा वर्षं झाली, सगळे ज्यांना 'बिनचूक साहेब' म्हणत, त्यांचा हा आवाज कानातून गेलेला नाही. टॉवेलच्या कारखान्यात मी तेव्हा काठ तपासायला होते आणि ते आमचे सुपरवायझर. आई शेवटच्या घटका मोजत होती. रजेच्या फॉर्मवर 'कम्पॅशनेट लीव्ह' लिहायचं, तर घाईत माझ्याकडून 'कम' गळलं आणि 'पॅशनेट लीव्ह' झालं. साहेबांनी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचलं.

"पॅशनेट? कुणावर एवढा जीव जडलाय गं?"

सगळे पोट धरधरून हसले. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून त्यांनी तो हुकूम सोडला.

शेजारच्या मास्तरीणबाईंची डिक्शनरी मागून आणली. अर्थ उतरवला: दुसऱ्याचं दुःख त्याच्यासोबत सोसणं. खाली वाक्य लिहिलं: 'साहेबांच्या मनात कम्पॅशन आहे, म्हणून मी आज आईजवळ आहे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. कागद न वाचताच परत दिला. मी गावी घरी पोचले तेव्हा आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. त्या खाटेला हात लावून म्हटलं, "आई, हा कागद मी त्यांना वाचायला लावीन."

रोज सकाळी प्रार्थनेत एकेकाचं नाव घेऊन भलं मागते. त्यांच्या नावाशी जीभ अडते. देवापासून मी ते लपवलेलं नाही.

आता मी त्याच कारखान्याच्या रजा विभागात आहे. आज त्यांचा फॉर्म आला. थोरला भाऊ अत्यवस्थ. स्पेलिंग अर्थातच बिनचूक. स्वतः बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले.

शिक्के मारणारी माझ्या कानाशी लागली. "ताई, आयता सापडलाय. सोमवारी या म्हणावं."

"आज गुरुवार आहे."

"म्हणूनच तर!"

खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. फॉर्म खणात टाकला. वीस मिनिटांनी ते दारातून डोकावले.

"बाई, जरा बघता का? साडेअकराची गाडी आहे."

मला 'बघता का' म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी 'लिहून आण' होतं.

"बसा," मी म्हटलं.

पण त्या भावानं माझं काय वाकडं केलं होतं? शिवाय उशीर झाला, तर साहेब आयुष्यभर माझ्या नावानं रडून मोकळे होणार. ती सोय मला करून द्यायची नव्हती. त्यांनी वेळेवर पोचावं, भावाच्या उशाशी बसावं, आणि तेव्हा माझं वाक्य त्यांना तोंडपाठ असावं.

मी सही केली.

"मार शिक्का."

"वेड लागलं का ताई? असा सोडतेस?"

"सोडते कुठे? आधी त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेणार, मगच हातात देणार."

पर्समधला पिवळा पडलेला कागद काढला, फॉर्मला जोडला. गाडीत गळून पडू नये म्हणून दोन पिना मारल्या. मग आवाज न करता खुर्ची मागे सारली आणि बाकाकडे निघाले.