छतावरची कांजी

आमच्या धुलाईच्या दुकानात कांजीचा हंडा कधी रिकामा नसतो. बाबांचा नियमच आहे तो: कपडा धुतला की त्याला कांजी द्यायची, म्हणजे मळ आत शिरत नाही, पुढच्या धुण्यात वरच्यावर निघून जातो. चाळीस वर्षं त्यांनी याच नियमावर गावाच्या कॉलरी ताठ ठेवल्या. माणूस हट्टी. मी त्यांचीच लेक, त्यामुळे हट्टाचं मला कौतुक नाही, सवय आहे.

गेल्या वर्षापर्यंत आमच्या इस्त्र्या कोळशाच्या होत्या. सहा इस्त्र्या दिवसभर विजेवर चालवायच्या तर बिल बघून डोळे पांढरे झाले असते. पण कोळशाच्या धुराने बाबांची छाती धरली आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता कोळसा बंद, नाहीतर रोज मला भेटायला या." नेमकी तेव्हाच सरकारची योजना आली. छोट्या दुकानांनी छतावर सौर पॅनेल बसवले तर निम्मा खर्च सरकार देणार, वर सुट्टीच्या दिवशी उरलेली वीज परत घेऊन बिलातून वजा करणार. अट एकच. महिन्याच्या आत तपासणी व्हायची आणि भर दुपारी पॅनेलनी ठरलेली वीज द्यायची. नाही दिली तर बसवणारा पॅनेल उतरवून नेणार आणि आम्ही पुन्हा कोळशावर.

अर्जावर सतरा ठिकाणी सह्या करून मी पॅनेल बसवले. समोरचा बेकरीवाला रोज दारात येऊन विचारायचा, "झालं का मंजूर? झालं की सांगा, मग मीही बसवतो." पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे त्याचं धोरण. ठेच तेवढी आम्ही खायची.

कोळशाच्या इस्त्र्या माळ्यावर गेल्या आणि बाबांचं कामच संपलं. पहाटे निखारे फुलवणारा माणूस स्टुलावर बसून मी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालू लागला. बघवेना. मी म्हटलं, "बाबा, वरच्या काचा पुसायचं काम तुमचं." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी बादली आणि फडकं घेऊन जिना चढायचे आणि खुशीत खाली उतरायचे. मी एकदाही वर जाऊन पाहिलं नाही. दुकानात शंभर कामं असतात.

तपासणीला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. अकरा वाजता छतावर आल्या, मीटर पाहिला, आभाळ पाहिलं, परत मीटर पाहिला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पॅनेल बसवून किती दिवस झाले?"

"तेवीस."

"मग या वेळेला यायला हवी त्याच्या पाऊणच वीज का येतेय? असं असेल तर मंजुरी नाही देता येणार."

मी रागावले की समोर कोण आहे ते बघत नाही, त्यामुळे पॅनेल बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तोवर बाईंनी काचेवर बोट फिरवलं. "हे काय चिकटलंय?"

मीही बोट फिरवलं. असा खरखरीतपणा मी लहानपणापासून हजारो कॉलरींवर चाचपला होता.

"बाबा, काचा कशाने पुसता तुम्ही?"

बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "पाण्याने. आणि शेवटचा हात कांजीचा. अगदी पातळ. काचेने मळ धरू नये म्हणून."

वीसेक दिवस, कांजीवर कांजी. उन्हाने ती भाजून काढली होती आणि वर धूळ बसली होती. मी तोंड उघडलंच होतं, पण बाबांचा चेहरा पाहिला.

"चुकलं माझं," ते बादलीकडे बघत म्हणाले. "उद्यापासून मी वर येत नाही. तूच बघ."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही स्वतःवरच. तेवीस दिवसांत एकदा तरी जिना चढले असते तर?

तपासणीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "जवळच अजून एक दुकान तपासायचंय. एक वाजता परत येते. पण काचेला घासणी लावू नका, चरे पडतील. आणि तापलेल्या काचेवर गार पाणी तर मुळीच नको."

त्या गेल्या, तशी मी फडकं घेऊन जोर करायला धावले. बाबा ओरडले, "थांब! वाळलेली कांजी घासून निघते का कधी? कोमट पाणी आण. आणि जुन्या चादरी, शंभर वेळा धुतलेल्या."

वर येणार नाही म्हणालेला माणूस चार पावलं पुढे आला होता. त्यांनी चादरी कोमट पाण्यात भिजवल्या आणि पॅनेलवर अंथरल्या.

"आता हात लावू नकोस. फुगू दे."

पाऊण तास आम्ही चादरी सुकू न देता बसून राहिलो. समोरच्या छतावरून बेकरीवाला ओरडला, "आज पॅनेलचं धुणं काढलंत का?"

"या ना, तुम्हालाही भिजत घालते!" मी म्हटलं. बाबा हसले. मग त्यांनी चादरी अलगद उचलल्या आणि वरून खाली, एकाच दिशेने, मऊ फडक्याने काचा निपटून घेतल्या. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

एक वाजता बाईंनी मीटर पाहिला.

"ठरल्यापेक्षा थोडी जास्तच आहे," त्या म्हणाल्या आणि अर्ज काढला. "शेवटचा रकाना. देखभाल कोण करणार?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "माझे वडील. लिहा. चाळीस वर्षांचा अनुभव, तोही लिहा."

बाबांनी सही करायला बराच वेळ घेतला. मग हळूच विचारलं, "म्हणजे उद्याही वर यायचंय मला?"

"रोज," बाई म्हणाल्या. "नुसत्या पाण्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जिना चढले तेव्हा काचांसाठी काढून ठेवलेली सगळी कांजी त्यांनी स्वतःच्या शर्टाला दिलेली होती. कॉलर इतकी कडक की मान वळेना. समोरच्या छतावर बेकरीवाला टेप घेऊन मापं काढत होता. तो ओरडला, "बाबा, माझे पॅनेल आले की पुसायला शिकवाल ना?"

बाबा मानेऐवजी अख्खे वळले. "शिकवीन की. आधी पाणी कोमट करायला शीक."